लिंबूटिंबू

मी नऊ वर्षांची असताना माझे वडील वारले. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी पुन्हा शाळेत जाऊ लागले, तेव्हा पहिल्याच मधल्या सुट्टीत मैदानावर शिवाशिवीचा डाव चालू होता आणि मी नेहमीप्रमाणे त्यात शिरले. जिच्यावर राज्य होते ती माझ्याच बाकावर बसणारी मुलगी. ती माझ्यामागे धावत आली, तिचा हात माझ्या पाठीला लागलाही, आणि त्याच क्षणी विस्तवाला लागावा तसा तिने तो मागे घेतला. "तू नाही, तू नाही," असे पुटपुटत ती दुसऱ्या कोणाच्या तरी मागे पळाली. मी शाळेत नसताना बाईंनी वर्गाला बजावले होते, की हिच्याशी नीट वागा, हिला दुखवू नका. हे मला पुष्कळ नंतर कळले. बाईंचा हेतू चांगलाच होता. परंतु ज्याला खेळात घ्यायचे, पण बाद करायचे नाही आणि राज्यही द्यायचे नाही, अशा कच्च्या भिडूला लिंबूटिंबू म्हणतात, आणि लिंबूटिंबू असण्यातला एकटेपणा ज्याने भोगला आहे त्यालाच ठाऊक. मी वर्षभर लिंबूटिंबू होते.

हे आठवण्याचे कारण असे, की गेली काही वर्षे मी जवळचे माणूस गमावलेल्या मुलांच्या निवासी शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जाते, आणि "तिथे तुम्ही नेमके करता तरी काय?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. (शिबिराचे नाव मी देणार नाही, आणि मुलांची ओळख पटू नये म्हणून प्रसंगांतील तपशील बदलले आहेत.) या प्रश्नामागे बहुधा एक शंका दडलेली असते: दुःखी मुलांना एकत्र आणले तर दुःख वाढणार नाही का? ज्या मुलाला कसेबसे विसरायला लावले आहे, त्याला पुन्हा आठवण कशाला करून द्यायची? या शंकेने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की मूल विसरले आहे. मूल काहीही विसरलेले नसते. आपल्यासमोर हा विषय काढायचा नाही, एवढे त्याने ताडलेले असते.

अशा शिबिरांची कल्पना तशी अलीकडचीच. अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड येथे बेव्हर्ली चॅपेल यांनी १९८२ मध्ये डगी सेंटर सुरू केले. ते शिबिर नव्हते, शोकग्रस्त मुलांच्या गटांसाठीचे केंद्र होते. परंतु मुलांनीच मुलांना आधार द्यावा ही पुढच्या शिबिरांतली मूळ कल्पना तिथे दिसते. ज्याचे नाव या केंद्राला मिळाले तो डगी टर्नो मेंदूत गाठ झालेला मुलगा होता. लहान मुलांना का मरावे लागते, असे त्याने नऊ वर्षांचा असताना, मृत्यू आणि शोक यांवरील कामासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांना पत्र लिहून विचारले होते, आणि १९८१ मध्ये तेराव्या वर्षी तो गेला. इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युली स्टोक्स यांनी १९९२ मध्ये विन्स्टन्स विश ही संस्था स्थापन केली आणि तिच्या निवासी शिबिरांतील अनेक उपक्रम आज जगभर, बहुधा मूळ ठाऊक नसतानाच, वापरले जातात. लिन ह्यूज यांनी १९९८ मध्ये व्हर्जिनियात कम्फर्ट झोन कॅम्प उभा केला. त्यांची आई त्या नऊ वर्षांच्या असताना गेली आणि वडील बाराव्या वर्षी. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या नऊच्या आकड्यापाशी मी जरा थबकले होते. कॅम्प एरिन ही शिबिरे २००२ पासूनची; कर्करोगाने सतराव्या वर्षी गेलेल्या एरिन मेटकाफ या मुलीच्या नावाने बेसबॉलपटू जेमी मोयर आणि कॅरेन मोयर यांच्या प्रतिष्ठानाने ती सुरू केली आणि मुलांकडून त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत.

आमचे शिबिरही याच साच्यातले आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुले येतात, रविवारी दुपारी परततात. वयानुसार गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला एक प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक मोठा सोबती येतो, ज्याचे काम मुख्यतः बरोबर असण्याचे आहे. शहाणपण सांगण्याचे तर मुळीच नाही. पहिल्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितले गेले होते, की "मला कळते तुला काय वाटत असेल" हे वाक्य या आवारात उच्चारायचे नाही. माझे स्वतःचे वडील लहानपणी गेले असल्यामुळे ते वाक्य माझ्या ओठांवर सतत येते, आणि ते गिळण्याचा सराव व्हायला मला दोन शिबिरे लागली.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक मुलाने आपल्या माणसाचे एक छायाचित्र एका मोठ्या फलकावर लावायचे असते. एवढीच कृती, पण तिच्यासाठी कधीकधी तासभर जातो. गेल्या शिबिरात एक दहा वर्षांचा मुलगा छायाचित्र खिशात उलटे घालून फलकापाशी चार वेळा आला आणि चार वेळा परत गेला. पाचव्यांदा आला तेव्हा त्याने ते एका कोपऱ्यात, सर्वांत खाली लावले आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, "हा माझा दादा आहे." मग थांबला. "होता." मग पुन्हा, जरा चिडून, "आहे." ती मुलगी फलकाकडे पाहतच म्हणाली, "मी आहेच म्हणते. आई आहे. ती मेली, पण आई आहे."

या 'आहे' आणि 'होता' यांच्यातली ओढाताण मला व्याकरणाहून फार मोठी वाटते. एके काळी असे मानले जाई, की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे म्हणजेच शोकातून बाहेर येणे. अमेरिकेत विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला, त्यात वेगळेच दिसले. मुले मृत पालकाशी नाते तोडत नव्हती. त्याला मनात एक जागा करून देत होती, त्याच्याशी बोलत होती, त्याच्या वस्तू जवळ बाळगत होती आणि वय वाढेल तसे ते नातेही बदलत होते. याच निरीक्षणांना धरून १९९६ च्या सुमारास, नाते टिकवून पुढे जाता येते, हा विचार अभ्यासकांमध्ये रुजला. फलकापाशी उभ्या असलेल्या त्या मुलीला तो आधीच माहीत होता.

शिबिराच्या वेळापत्रकात बोलण्याचे तास थोडे आणि खेळण्याचे पुष्कळ असतात, यावर काही पालक नाराज होतात. "एवढ्या लांब पाठवले ते पोहायला का?" असे एका आजोबांनी मला स्पष्टच विचारले होते. ब्रिटनमधील समुपदेशक एक उपमा देतात: मोठ्यांचा शोक नदी ओलांडण्यासारखा असतो, मुलांचा शोक डबक्यांत उड्या मारण्यासारखा. मूल डबक्यात पडते, भिजते, रडते, आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन विचारते की संध्याकाळी खायला काय आहे. पाहणाऱ्याला वाटते, याला काही लागलेलेच नाही. नेदरलँड्समधील अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडले, की शोकातले माणूस दुःखाकडे आणि दुःखापासून दूर, असे हेलकावे घेतच सावरते आणि या दोन्ही दिशांची गरज असते. मोठ्या माणसांना दुसऱ्या दिशेला गेल्यावर अपराधी वाटते. मुलांना अपराधी वाटून घ्यायला आपण शिकवतो. म्हणून गटात तासभर बसल्यावर लगेच पाण्याकडे किंवा मैदानाकडे मोकळे सोडणे हा वेळापत्रकाचा कणा आहे, आणि तो आजोबांना समजावून सांगायला मला जमले नाही ही गोष्ट वेगळी.

गटात मुले काय करतात? बरण्या भरतात. कागदावर मीठ पसरायचे, त्यावर रंगीत खडू घासायचा, मीठ रंगते. एका आठवणीला एक रंग, असे पाच-सहा थर काचेच्या छोट्या बरणीत द्यायचे, आणि वर कापसाचा बोळा दाबून झाकण घट्ट लावायचे, म्हणजे हलवली तरी रंग मिसळत नाहीत. एका मुलीच्या बरणीत निम्म्याहून अधिक भाग करडा होता. तिच्या सोबतिणीला वाटले, की ही फार खिन्न आहे. तिने स्वतःच सांगितले, की करडा रंग वडिलांच्या खोकल्याचा आहे. रात्री तो ऐकू आला की ते घरात आहेत हे कळत असे आणि तिला झोप लागत असे.

तीन दगडांचा उपक्रम मला याहूनही आवडतो. एक गुळगुळीत गोटा, एक हातात घेतला तर टोचेल असा ओबडधोबड दगड आणि एक चमकदार खडा. गोटा रोजच्या साध्या आठवणींचा, चमकदार खडा खास आठवणींचा, आणि टोचणारा दगड ज्या आठवणी नकोशा आहेत त्यांचा. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही ताकीद मुलांना सगळीकडून मिळालेली असते. त्यामुळे मारणाऱ्या वडिलांसाठी, शेवटच्या दिवशी ज्याच्याशी भांडण झाले त्या भावासाठी, किंवा आजारपणात चिडचिडी झालेल्या आईसाठी हा टोचणारा दगड हातात मिळणे ही त्यांना मोठीच मुभा वाटते. एकदा एका मुलाने तिन्ही दगड एकाच मुठीत धरले आणि "असेच होते," एवढेच म्हणाला.

शनिवारी सकाळी डॉक्टर येतात. हाही विन्स्टन्स विशच्या शिबिरांतूनच आलेला प्रघात आहे: मुलांनी मनातला कोणताही प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहायचा आणि डॉक्टरांनी सर्वांसमोर त्याचे खरे उत्तर द्यायचे. चिठ्ठ्यांची पेटी उघडली जाते तेव्हा खोलीत अशी शांतता असते, जी मी परीक्षेच्या दालनातही अनुभवलेली नाही. "दुखले का त्याला?" "डोळे उघडे का होते?" "मी खोलीत असते तर ती वाचली असती का?" एका चिठ्ठीवर लिहिले होते: "मी तिच्या ग्लासातले पाणी प्यायलो होतो. मला कधी होणार?" ती वाचताना डॉक्टरांचा आवाज किंचित अडला. त्यांनी खाली बसून, कोणाकडेही न पाहता, कर्करोग पाण्यातून, मिठीतून किंवा एका अंथरुणात झोपण्याने पसरत नाही हे सावकाश सांगितले. ते मूल आठ महिने घरात स्वतःच्या मरणाची वाट पाहत होते. नंतर त्याच्या घरचे म्हणाले, "त्याने कधी विचारलेच नाही." खरे होते ते. विचारायला जागाच नव्हती.

मुलांना मृत्यू समजतो का, यावर अभ्यासकांनी बरेच काम केले आहे. मारिया नॅगी यांनी हंगेरीतील मुलांशी बोलून १९४८ मध्ये लिहिलेल्या निबंधापासून ही परंपरा मानली जाते. आज साधारणपणे चार गोष्टी सांगितल्या जातात: मेलेले माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काम करणे थांबवते, प्रत्येक जण कधीतरी मरतो, आणि मरण्याला शारीरिक कारण असते. बहुतेक मुलांना या चारही गोष्टी पाच ते सात-आठ वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात, परंतु त्या उमगण्याच्या आड आपली भाषा येते. "बाबा झोपले" असे ऐकलेले पाच वर्षांचे मूल झोपायला घाबरते. "दूर गेले" असे ऐकलेले मूल, मला न सांगता का गेले, म्हणून रुसते. "तारा झाला" ही कल्पना गोड आहे खरी, पण ती ऐकल्यावर एका मुलाने ढगाळ रात्री रडून घर डोक्यावर घेतले होते. आम्ही शिबिरात 'मेले', 'वारले', 'मृत्यू' हे शब्द वापरतो. सुरुवातीला नव्या स्वयंसेवकांना ते कठोर वाटतात. मुलांना मात्र हायसे वाटते, कारण ते शब्द उच्चारल्यावर मोठी माणसे मोडून पडत नाहीत हे त्यांना प्रथमच दिसते.

आत्महत्येने झालेल्या मृत्यूबद्दल हे सर्वांत अवघड जाते. घरी बहुतेकदा 'हार्ट अटॅक' असे सांगितलेले असते, मुलाला भिंतीपलीकडून खरे कळलेले असते, आणि आपल्याला कळले आहे हे घरच्यांपासून लपवण्याचे ओझे तेच मूल वाहत असते. काही ठिकाणी अशा मुलांसाठी वेगळी शिबिरे घेतात आणि ते मला पटते. मिश्र गटात दुसऱ्या मुलांच्या आईवडिलांनी जगण्यासाठी केलेली धडपड ऐकताना या मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी पाहिले आहे.

जपानमधील कोबे शहरात १९९५ च्या भूकंपानंतर आशिनागा या संस्थेने आई, वडील किंवा दोघेही गमावलेल्या मुलांचा घरोघरी शोध घेतला. अशी ५७३ मुले सापडली. त्याच वर्षी मुलांच्या एका उन्हाळी मेळाव्यात, वडील गमावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाने इंद्रधनुष्य काढले आणि त्यावर काळा रंग फासला. संस्थेने पुढे अशा मुलांसाठी जे घर बांधले त्याचे नाव रेनबो हाउस ठेवले, ते या चित्रावरून. शिबिरात चित्रकलेचा तास सुरू होण्यापूर्वी मी हे मुद्दाम आठवते. "आकाश निळे कर ना" असे म्हणण्याचा मोह मोठ्या माणसांना फार लवकर होतो.

सगळेच गोड आहे असे नाही. मला काही शिबिरांबद्दल, आमच्याही बद्दल, तक्रारी आहेत. शेवटच्या रात्री दिवे लावण्याचा कार्यक्रम असतो. मुले आपापल्या माणसाचे नाव लिहिलेला कंदील हातात घेऊन उभी राहतात, संगीत लावले जाते आणि देणगीदारांसाठी छायाचित्रे काढली जातात. एका वर्षी आयोजकांपैकी कोणी तरी समाधानाने म्हणाले, की यंदा सगळी मुले रडली. मला ते ऐकून संताप आला. मुलाला रडवणे फार सोपे असते. अंधार, दिवा आणि संथ सूर एवढे पुरते. जे मूल त्या वेळी कंदिलाच्या कागदाला भोक पाडून आत डोकावत होते, त्याचे शिबिर वाया गेले असे मी मानत नाही. तसेच प्रत्येक मुलाला शिबिरात आणणेही योग्य नाही. ज्याने अपघात किंवा हिंसा डोळ्यांनी पाहिली आहे, ज्याला तेच दृश्य रोज रात्री दिसते, त्याला आधी स्वतंत्र उपचार हवेत. गटात त्याची गोष्ट इतरांना झेपत नाही आणि त्यालाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मृत्यूनंतरचे पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेले असते, आणि मुलाला शिबिराची गरज बहुधा ते घर रिकामे झाल्यावर लागते. वर्डन यांच्या अभ्यासात मुलांना मृत्यूनंतर चार महिन्यांनी, एक वर्षाने आणि दोन वर्षांनी भेटले गेले, तेव्हा शोकग्रस्त मुले आणि इतर मुले यांच्यातला फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अधिक ठळक दिसला. "आता दीड वर्ष झाले, आता कशाला?" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगते.

आणि अडीच दिवसांनी मूल जिथे परतते त्या घराचे काय? आमच्याकडे आता मुलांच्या शिबिराबरोबरच पालकांचा गट बसतो, आणि माझ्या मते खरे काम तिथे अधिक होते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात अर्विन सँडलर आणि सहकाऱ्यांनी १५६ कुटुंबांतील २४४ मुलांवर एक कार्यक्रम तपासला. त्यात मुलांचे गट वेगळे आणि पालकांचे वेगळे बसत. तुलनेच्या कुटुंबांना फक्त पुस्तके दिली होती. सहा वर्षांनी आणि पुन्हा पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हाही गटांत बसलेल्यांची स्थिती काही बाबतींत बरी होती, आणि त्यामागचा एक मोठा धागा होता मागे उरलेल्या पालकाची माया आणि घरातली शिस्त. शिस्तीचा उल्लेख वाचून पालकांना नवल वाटते. पण वडील नसलेल्या मुलाला काहीही केले तरी कोणी रागावत नाही, हे त्या मुलाच्या दृष्टीने भयंकर असते. मला विचारा.

गेल्या शिबिरात शनिवारी दुपारी मैदानावर शिवाशिवी चालू होती. आठ वर्षांची एक मुलगी, जिच्या वडिलांना जाऊन सहा महिने झाले होते, एका मोठ्या मुलाच्या हाती लागली आणि जागच्या जागी थांबून तिने ठेवणीतले वाक्य काढले. "माझे बाबा वारले आहेत," ती म्हणाली. घरी, शाळेत, सगळीकडे ते चालत आले असणार. तो मुलगा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. "माझी आई पण," तो म्हणाला. "चल, राज्य घे."

ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग झाडापाशी गेली, खोडाला कपाळ टेकले आणि मोठ्याने दहा मोजू लागली. सहानंतर तिने एकदम नऊ म्हटले, आणि मैदानाच्या चारही बाजूंनी "ए चीटिंग, चीटिंग!" असा ओरडा झाला.